बायोडेटात गेमची ओळ राहू द्या, पण ती कामाची असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बायोडेटात मोबाइल गेमचं नाव घालणं म्हणजे आपल्या हातानं नोकरीवर पाणी सोडणं, असं एका निवृत्त प्राचार्यांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांची कळकळ खरी आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत रात्र रात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली पोरं वाया गेली असणार, त्याशिवाय माणूस एवढ्या पोटतिडकीनं लिहीत नाही. पण त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. का पटलं नाही ते सांगायचा थोडाफार अधिकार मला आहे, कारण बेळगावच्या आणि आसपासच्या पोरांचे बायोडेटा टाइप करणं हाच माझा पोटाचा धंदा आहे.

टिळकवाडीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. टाइपरायटरवर अर्ज बडवायचे तेव्हापासून मी हे काम करते. येळ्ळूर, मच्छे, अनगोळ, पिरनवाडी, पार खानापूर-नंदगडपासूनची मुलं येतात. कुणी आयटीआयचं, कुणी डिप्लोमाचं, कुणी बीकॉम होऊन दोन वर्षं घरी बसलेलं. निम्मी मुलं हातात मित्राचा बायोडेटा घेऊनच येतात. "काकू, मजकूर हाच ठेवा, नाव आणि मार्क तेवढे बदला." आणि त्या मजकुरात काय असतं? हॉबीज: रीडिंग, लिसनिंग टू म्युझिक, प्लेइंग क्रिकेट. स्ट्रेंथ: हार्ड वर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेअर. शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस असं विचारलं तर पोरगं खाली बघतं.

ह्या ओळी वर्षानुवर्षं एका बायोडेटातून दुसऱ्यात उतरत आल्या आहेत. त्या खोट्या आहेत हे लिहिणाऱ्याला माहीत, टाइप करणाऱ्या मला माहीत आणि वाचणाऱ्या साहेबालाही माहीत. त्यावर आजवर कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. मग एखाद्या मुलानं खरंच केलेलं, अंगावर घेतलेलं काम लिहिलं आणि ते गेममधलं निघालं, की तेवढ्यावरच बोट का ठेवायचं?

येळ्ळूरच्या एका मुलाचं सांगते. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, मराठी शाळेत शिकलेला, इंग्रजीत बोलताना अडखळणारा. उद्यमबागच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला ट्रेनी हवा होता, त्यासाठी बायोडेटा करायला आला. वहीच्या पानावर सगळं लिहून आणलं होतं. तळाला 'बीजीएमआय स्क्रिम ऑर्गनायझर' असं लिहून त्यावर काट मारली होती. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "काकू, हे घालायचं काय नको? बाबा नको म्हणालेत बघा." मी म्हटलं, आधी हे काय आहे ते तर सांग.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीजीएमआय म्हणजे 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', पबजी ह्या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमची भारतासाठी काढलेली आवृत्ती. ह्या गेममध्ये चौघांचा एक संघ असतो. बरेच संघ एका नकाशावर उतरतात, खेळायचा टापू हळूहळू आवळत जातो आणि शेवटपर्यंत जो संघ टिकतो तो जिंकतो. स्पर्धेआधी संघ एकमेकांशी सराव करतात, त्याला स्क्रिम म्हणतात. हा मुलगा रोज संध्याकाळी 18 संघांचा, म्हणजे 72 खेळाडूंचा सराव भरवत होता. फी काही नाही, बक्षीस काही नाही. सहा वाजेपर्यंत संघानं येणार असल्याचं कळवायचं, नाही कळवलं तर यादीतल्या पुढच्या संघाला जागा द्यायची. सामन्याच्या आधी पंधरा मिनिटं सगळ्यांना रूमचा आयडी आणि पासवर्ड पाठवायचा. कुणी फसवणूक केल्याची तक्रार आली तर त्या खेळाडूकडून स्क्रीनचं रेकॉर्डिंग मागवायचं, बघायचं आणि त्याच रात्री निवाडा द्यायचा, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच संघ समोरासमोर यायचे.

मग त्यानं मोबाइलवर गुणतक्ता उघडून दाखवला. एक्सेलमध्ये माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे तक्ता नुसता सजवलेला आहे की कुणी डोकं लावून बांधलाय ते मला बघताक्षणी कळतं. प्रत्येक सामन्याला एक पान. संघ कितवा आला तेवढं भरलं की त्याचे गुण आपोआप पडायचे, मारलेल्या गड्यांचे गुण त्यात मिळायचे आणि पहिल्या पानावर एकूण क्रमवारी लागायची. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी कुणी जास्त सामने जिंकले ते बघायचं, तेही सारखं असेल तर क्रमांकाचे गुण, मग मारलेल्या गड्यांचे. हे सगळं त्यानं सूत्रांत बसवलं होतं. एक रिकामा रकाना दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ते मुद्दाम ठेवलंय काकू. तक्रारीचा निकाल लागूस्तवर त्या संघाचे गुण तिथं अडकवून ठेवतो, मागनं घालतो." हिशेब लिहायला बसणाऱ्या किती माणसांना ही गोष्ट सुचत नाही, ते मी रोज बघते.

संघ कुठले? बेळगाव, हुबळी, धारवाड, विजापूर, कोल्हापूर, सांगली. सूचना तीन भाषांत तयार ठेवलेल्या, मराठी, कन्नड आणि हिंदी. कन्नड कुठं शिकलास म्हटलं, तर शाळेत मार्कांपुरतं शिकलो, बोलायला इथंच आलं म्हणाला. आपल्या भागात हे किती मोलाचं आहे ते मी वेगळं सांगायला नको. मराठी शाळेतून आलेल्या किती मुलांची नोकरी कन्नड बोलता येत नाही म्हणून अडते आणि कन्नडच्या क्लासला किती पैसे जातात, ते घरोघरी माहीत आहे. आणि हा मुलगा धारवाडच्या पोरांची भांडणं त्यांच्याच भाषेत मिटवत होता.

मी ती ओळ घातली. अशी घातली: "बीजीएमआय ह्या खेळाच्या 18 संघांच्या (72 खेळाडू) रोजच्या ऑनलाइन सरावाचं नियोजन केलं. नोंदणी, वेळापत्रक, गुणतक्ता आणि तक्रारींचा निवाडा ही कामं सांभाळली. संघांशी मराठी, कन्नड आणि हिंदीतून संपर्क ठेवला." इंग्रजीत टाइप केलं, पण मजकूर हाच.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी गेमचं नाव बघितलं आणि लाल पेनानं त्या तिन्ही ओळींवर रेघ ओढली. मग एकच प्रश्न, "दिवसातनं किती तास खेळतोस?" पोरगं म्हणालं की मी खेळायचो कमी, भरवायचं काम जास्त. ते कुणी ऐकून घेतलं नाही. परत येऊन म्हणाला, "काकू, ते काढून टाका." कागद त्याचा, भविष्य त्याचं. मी काढलं.

ही रेघ मला फार लागली. मी कारखान्यात काम केलेलं नाही, पण उद्यमबागच्या निम्म्या गाळ्यांची चलनं आणि जॉबकार्डं माझ्याकडे छापली जातात, त्यामुळे प्लॅनिंगचा माणूस काय करतो ते मला चांगलं कळतं. फाउंड्रीतनं कास्टिंग यायला उशीर झाला तर मशीन रिकामं ठेवायचं की दुसरा जॉब चढवायचा, कुणाला फोन करायचा, कुठला माल आज जायलाच पाहिजे, रिजेक्शन झालेल्या नगांचा हिशेब कुठल्या रकान्यात अडकवून ठेवायचा. ह्या मुलाला बसवायचं होतं ते नेमक्या ह्याच कामावर.

आपल्याकडे शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत सजीव देखावा उभा करणारा कार्यकर्ता असतो. पावती पुस्तकं, पोलीस परवानगी, ट्रॉली, जनरेटर, ऐनवेळी न आलेला मावळा, सगळं तो निस्तरतो. मुलाखतीत एखाद्यानं हे सांगितलं की साहेबांचा चेहरा खुलतो, कारण साहेबांनी तरुणपणी स्वतः ते केलेलं असतं. त्यात किती कष्ट आहेत ते त्यांनी अंगावर घेतलेलं असतं. गेमच्या आत ते कधी गेले नाहीत, म्हणून तिथली मेहनत त्यांना दिसत नाही. न दिसणं समजू शकते. पण न विचारता रेघ ओढणं समजू शकत नाही.

ही चर्चा आपल्याकडे नवी असली तरी जगात जुनी आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम 2004 साली आला. त्यात चाळीस चाळीस जणांनी ठरल्या वेळी जमून एक मोहीम पार पाडायची असायची. गिल्ड म्हणजे त्यातली खेळाडूंची टोळी. ती चालवणाऱ्याला माणसं गोळा करणं, घडवणं, लुटीची वाटणी करणं, रुसवे काढणं हे सगळं करावं लागे. स्टीफन गिलेट नावाचा एक जण अशी गिल्ड चालवायचा. 'याहू'नं त्याला अभियांत्रिकी विभागात वरच्या पदावर घेतलं, तेव्हा ह्या अनुभवाचाही विचार झाला, अशी मांडणी जॉन सीली ब्राऊन आणि डग्लस थॉमस ह्या अभ्यासकांनी 2006 साली केली होती. पुढे तो 'स्टारबक्स'चा माहिती-तंत्रज्ञान प्रमुख झाला. गेम खेळल्यानं नोकरी मिळते असा ह्याचा अर्थ नाही. त्याच्याकडे दुसरा अनुभव होताच. पण समोरच्यांनी ती ओळ खोडली नाही, तिच्याबद्दल विचारलं.

आता तासांविषयी, कारण साहेबांचा प्रश्न तासांचाच होता आणि त्या भीतीत तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, ती यादी 2022 पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, ही त्याची लक्षणं. माझ्या दुकानात बायोडेटासाठी मुलाला हाताला धरून आणणाऱ्या आया येतात. बाहेर स्कूटरवर बसलेलं पोरगं तेवढ्या वेळातही मान वर करत नाही आणि त्याची मार्कलिस्ट आई दाखवते. त्या बाईचा चेहरा बघून 'गेमनं नेतृत्वगुण येतात' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून किती तास खेळलो, किती वर्षं खेळलो, हे बायोडेटात नकोच.

न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातला 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हल्ली पोरं तोंडावर फेकतात. 33 डॉक्टरांचा तो अभ्यास होता. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात 37 टक्के कमी चुका केल्या आणि ते 27 टक्के अधिक वेगानं काम करत होते, असं त्यात आढळलं. गेममुळेच हात तयार झाला हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. आणि पोरांनो, त्यात आठवड्याचे तीन तास म्हटलंय. रात्रीचे तीन नव्हेत.

पैसे लावून खेळायच्या गेमची तर गोष्टच निराळी. रमी असो की दुसरं काही, ज्यात पैसा घालून पैसा काढायचा आहे, त्याची ओळ मी टाइप करत नाही, कुणी कितीही जिंकलेलं असो. कर्नाटकानं 2021 साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून असे खेळ बंद केले होते, पण फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं ती कलमं रद्द केली. मग ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनंच कायदा केला. पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, मात्र वेगळं काढून मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर 2022 मध्येच केंद्रानं ई-स्पोर्ट्सचा विषय युवक कल्याण व क्रीडा खात्याकडे दिला होता. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तीर्थ मेहता ह्या भारतीय खेळाडूनं ई-स्पोर्ट्समध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा हा प्रकार प्रदर्शनापुरता होता. हांगझोऊला 2023 मध्ये त्याची पदकं रीतसर मोजली गेली. कायद्यानं जी रेघ ओढली आहे ती मुलाखत घेणाऱ्यांनी बघावी आणि सगळ्यांना एकाच दोरीत बांधू नये. मुलाखतीला बसलेली मोठी माणसं अजून "ती बंदी आलेली गेम ना?" असं विचारतात. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली होती हे खरं. बीजीएमआय 2021 मध्ये आली, 2022 मध्ये मोबाइलच्या ॲप स्टोअरांतनं काढली गेली आणि मे 2023 मध्ये परत आली. मुलांनी हे नीट सांगता येईल एवढी तयारी करून जावं.

नुसत्या रँकचं काय? 'कॉन्करर' झालो, म्हणजे बीजीएमआयमधल्या सगळ्यात वरच्या रँकला पोचलो, हे लिहा म्हणून पुष्कळ जण हट्ट धरतात. अर्ज कुठं करताय त्यावर ते आहे. युबीसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात आहे, रॉकस्टारचा बेंगळुरूत. तिथं गेम तपासायच्या कामाला अर्ज करत असाल तर आवर्जून लिहा. बँकेत किंवा हत्तरगीला विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्याचा कुणाला काय उपयोग? तिथं दुसऱ्यांसाठी काय केलंत ते सांगा.

मुलींचा विषय ह्या चर्चेत कुणी काढत नाही, म्हणून मी काढते. शहापूरची एक मुलगी एका गेम खेळणाऱ्या यूट्यूबरच्या डिस्कॉर्डवर, म्हणजे गप्पांच्या ॲपवरच्या गटात, मॉडरेटर आहे, तिथल्या गप्पांवर लक्ष ठेवते. हजारो लोकांच्या गप्पांत शिवीगाळ करणाऱ्याला आधी समज द्यायची, नाही ऐकलं तर बाहेर काढायचं, त्याची नोंद ठेवायची, बाहेर काढलेल्यानं दाद मागितली तर पुन्हा तपासायचं. तिला अर्ज करायचा होता तो ग्राहकसेवेच्या नोकरीसाठी! ह्याच्याहून चांगला अनुभव कुठला? पण तिनं मला तो लिहू दिला नाही. "काकू, घरात कळलं तर स्थळं यायची बंद होतील." लग्नाचे बायोडेटाही माझ्याकडेच टाइप होतात, त्यामुळे तिची भीती खोटी नाही हे मला माहीत आहे. 'गृहकृत्यदक्ष' लिहिलेलं चालतं. हजार माणसांचं भांडण शांत डोक्यानं मिटवते, हे चालत नाही. ह्याची मला मनापासून चीड येते.

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखानदारांना आणि कॉलेजांतल्या प्लेसमेंटच्या प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. अशी ओळ दिसली तर दोनच प्रश्न विचारा. तुझ्या अंगावर कुठलं काम होतं? आणि ते बिघडलं तेव्हा तू काय केलंस? ज्यानं नुसता वेळ घालवला असेल तो ह्या दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसेल, तुम्हाला रेघ ओढायची गरज पडणार नाही. ज्यानं काम केलंय तो दहा मिनिटं बोलायचा थांबणार नाही, आणि मराठी मुलगा असेल तर त्या दहा मिनिटांत तो इंग्रजीला घाबरायचंही विसरलेला असेल. हे मी माझ्या काउंटरवर पाहिलंय.

मुलांना एवढंच सांगते की ओळ घालायची तर गेमचं नाव लपवू नका. 'ऑनलाइन इव्हेंट मॅनेजमेंट' असं गोलमाल लिहिलंत आणि आत काय ते उघडं पडलं, तर खरं कामही खोटं ठरतं. ओळी दोन किंवा तीनच, शिक्षण आणि प्रोजेक्टच्या खाली. आणि गुणतक्त्यासारखं काही दाखवण्याजोगं असेल तर त्याची प्रिंट सोबत न्या.

आपल्या रोजगार पुरवणीत बायोडेटाचा नमुना येत असतो आणि तोच कापून मुलं माझ्याकडे घेऊन येतात, म्हणून संपादक महोदय, आपल्यालाही एक मागणं. त्या नमुन्यातला 'छंद' हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी 'नोकरीबाहेर जबाबदारीनं केलेलं काम' असा रकाना द्यावा. मंडळाचं असो, शेतीचं असो, गेमचं असो. पुढचा नमुना छापायच्या आधी एवढा बदल व्हावा. मजकूर हवा असेल तर मराठी आणि इंग्रजी, दोन्ही मी टाइप करून आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एक डीटीपी व्यावसायिक
टिळकवाडी, बेळगाव